उतरताना चढणारं विमान

वरळी सी-फेसच्या कठड्यावर भरतीची लाट फुटते तेव्हा समुद्रसपाटी म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधलं खिंडार अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून बुजवलं गेलं आणि आसपासची बरीच जमीन त्यानंतर पाण्यातून वर आली. इथल्या माणसाला उंची ठाऊक आहे ती इमारतींची. वरळीतला पॅलेस रॉयल हा मनोरा सुमारे ३२० मीटरचा. तसे दहा मनोरे एकावर एक रचले, तर सगळ्यात वरच्या गच्चीच्याही थोडी वर लेह विमानतळाची धावपट्टी येते : समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर, वैमानिकांच्या हिशेबात १०,६८२ फूट. लडाखच्या हंगामात मुंबईचा पर्यटक रात्री घर सोडतो, पहाटे दिल्लीला विमान बदलतो आणि दुपारच्या जेवणाआधी तिथे पोचलेला असतो. जाण्याआधी त्याला भीती वाटते ती विमानाची. डोंगरांच्या बेचक्यात वळणारं विमान, खिडकीबाहेर पंखाच्या टोकाला आल्यासारखे दिसणारे कडे, यांचे व्हिडिओ त्याने फोनवर पाहिलेले असतात. चाकं जमिनीला टेकली की टाळ्या वाजतात आणि भीती संपते. माझं म्हणणं असं की ही भीती भलत्याच ठिकाणी खर्च होते. लेहच्या विमानतळाने विमानाला जितकी कडक शिस्त लावली आहे तितकी भारतातल्या फार थोड्या विमानतळांनी लावली असेल. त्याच विमानातून उतरणाऱ्या माणसाला मात्र आपण कुठलीच शिस्त लावलेली नाही, आणि लडाखच्या सहलीतला खरा धोका या तफावतीत आहे.

आधी विमानाच्या आत काय घडतं ते पाहू, कारण तिथेच एक गंमत दडलेली आहे. प्रवासी विमान पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा बाहेरच्या हवेत माणसाची शुद्ध मिनिटभरात हरपेल. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते. नेहमीच्या उड्डाणात आत जो दाब ठेवायचा तो आठ हजार फुटांवर, म्हणजे सुमारे २,४४० मीटरवर असतो त्यापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, असा विमानबांधणीचा दंडक आहे. मुंबईला उतरताना हा दाब हळूहळू वाढत जातो आणि कान दडपतात. लेहला उलटं घडतं. धावपट्टीच आठ हजार फुटांच्या वर असल्यामुळे विमान खाली येत असताना केबिनमधला दाब कमी करत न्यावा लागतो, नाहीतर जमिनीवर दार उघडताना आतला आणि बाहेरचा दाब जुळणारच नाही. विमान हजारो फूट उतरत असतं आणि त्यातल्या माणसाचं शरीर हजारो फूट चढत असतं. केबिनची उंची, म्हणजे आतला दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका आहे ती उंची, दहा हजार फुटांच्या आसपास गेली की एरवी कॉकपिटमध्ये धोक्याचा इशारा वाजतो. लेहसारख्या विमानतळांवर हा टप्पा ओलांडणं हेच नेहमीचं काम असल्याने तिथे जाणाऱ्या विमानांच्या यंत्रणेत त्याची आधीच तजवीज करावी लागते. प्रवाशाच्या छातीत असा कुठला इशारा बसवलेला नाही. त्याला फक्त खिडकीतून सिंधूचं खोरं जवळ येताना दिसतं.

या हवेचा विमानावर होणारा परिणाम मात्र काटेकोर मोजलेला आहे. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, आणि उन्हाळ्यात पारा २५ अंशांवर गेला की हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेच्या सुमारे ६५ टक्के उरते. पंखाला उचल मिळते ती हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर. घनता घटली की तेवढीच उचल मिळवायला वेग वाढवावा लागतो, आणि ६५ टक्के घनतेला ही वाढ जवळजवळ एक चतुर्थांश होते. थांबवायची ऊर्जा पुन्हा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेच विमान त्याच वजनाने उतरताना ब्रेकना दीडपट काम पडतं. इंजिनाची ओढही विरळ हवेत कमी होते. धावपट्टी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, पूर्वेला चढत जाणारे डोंगर आणि पश्चिमेला स्पितुक मठाची टेकडी. म्हणून विमानं सहसा पश्चिमेकडून, स्पितुकच्या बाजूने येऊन उतरतात आणि उड्डाणही त्याच बाजूला तोंड करून घेतात. दुपारी खोऱ्यात वारे सुटतात आणि हवा तापते, म्हणून प्रवासी विमानांची वर्दळ सकाळी आटोपते. उड्डाणानंतर ऐन चढणीत एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर कुठे वळायचं, किती उंची गाठायची आणि कुठल्या खोऱ्यातून बाहेर पडायचं हे आधीच ठरलेलं असतं. त्या हिशेबात बसेल एवढंच वजन घेऊन विमान निघतं. कधी सामान मागे राहतं, कधी काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. वैमानिकाला या विमानतळासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहला पारा एवढा चढला की विमानं रद्द करावी लागली. थंड वाळवंट म्हणून प्रसिद्ध असलेल्या गावात उकाड्यामुळे विमान उडू नये, याची वर्तमानपत्रांत थोडी थट्टाही झाली असेल. पण त्या दिवशी प्रवासी कितीही चिडले, कितीही तिकिटं वाया गेली तरी कुणी वैमानिकाला म्हणू शकलं नाही की बाबा, आमची रजा संपत आली आहे, आज जरा जमवून घे.

ही शिस्त कुणा दूरदृष्टीच्या अधिकाऱ्याने एका बैठकीत ठरवलेली नाही. ती टप्प्याटप्प्याने, किंमत मोजून आली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला पहिलं विमान उतरवलं ते डकोटा होतं. केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नाही, पंखांवरचा बर्फ हटवायची यंत्रणा नाही, मार्गाचे भरवशाचे नकाशे नाहीत. शेजारी मेजर जनरल थिमय्या बसलेले. खाली वाळूत आखलेली पट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या मदतीने तयार केली होती. पाकिस्तानशी चाललेल्या युद्धात लेह पडायच्या बेतात होतं, आणि त्या पट्टीवरून आलेल्या गुरखा सैनिकांमुळे ते वाचलं. ते साहस होतं आणि त्या घटकेला साहसच हवं होतं. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डीला, सोळा हजार फुटांहून उंच असलेल्या कच्च्या पट्टीवर पॅकेट विमान उतरवलं. त्या काळी एवढ्या उंचीवर कुणी विमान उतरवलं नव्हतं. राजे हे आडनाव मराठी कानाला ओळखीचं असूनही आपल्या शौर्यकथांच्या पुस्तकांत ते अभावानेच भेटतं, हे जाता जाता नोंदवायला हवं. विरळ हवेत ताकद कमी पडू नये म्हणून हवाई दलाने पॅकेट विमानांच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवून घेतलं होतं. मग ७ फेब्रुवारी १९६८ चा दिवस आला. चंदीगडहून लेहकडे निघालेलं एएन-१२ विमान खराब हवामानामुळे लेहजवळून माघारी वळलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. आत १०२ जण होते. त्यांचे पहिले अवशेष गिर्यारोहकांना हिमनदीत सापडायला २००३ साल उजाडलं, आणि २०२४ मध्येही तिथून चार मृतदेह खाली आणले गेले. वैमानिकाने माघार घेऊनही हे घडलं. अशा घटनांतूनच हवामान, वजन आणि वेळ यांचे आजचे नियम घट्ट होत गेले आणि साहसाची जागा कोष्टकांनी घेतली.

माणसाच्या शरीराबद्दलचं ज्ञान आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. उलट या विषयातला जगाला मान्य असलेला पाया भारतीय सैनिकांच्या शरीरांवर घातला गेला आहे. उंचीवर निरोगी माणसाच्या फुफ्फुसात पाणी भरतं आणि तो न्यूमोनिया नसतो, ही गोष्ट चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरने १९६० मध्ये मांडली. दोनच वर्षांनी चीनशी युद्ध पेटलं आणि मैदानी मुलखातले हजारो सैनिक घाईघाईने हिमालयात चढवले गेले. त्यांतल्या १,९२५ सैनिकांची निरीक्षणं इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी नोंदवली. ११,००० ते १८,००० फुटांवर पोचलेल्या या तरुण, सशक्त माणसांची डोकी ठणकत होती, अन्नावरची वासना उडाली होती, काहींना धाप थांबेना, काही बरळू लागले. १९६९ मध्ये हा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला आणि आजही उंचीच्या आजारावरच्या लेखनात त्याचा हवाला दिला जातो. लष्कराने त्यातून घेतलेला धडा थोडक्यात असा : ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात सहा दिवस मुक्काम, त्यांतले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे, मग दोन दिवस सपाटीवर थोडं चालणं, मग दोन दिवस जरा लांबचं चालणं आणि बेताची चढण. पुढच्या टप्प्याला आणखी चार दिवस, त्यापुढच्याला आणखी चार. विमानाने लेहला उतरलेला पंचविशीतला जवानही या नियमातून सुटत नाही, आणि युद्धाची घाई नसेल तर कुठला अधिकारी त्याला सूट देत नाही. वैमानिकाच्या कोष्टकाइतकाच हा नियम पक्का आहे.

हे दिवस का लागतात ते समजून घेतलं की सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहायची नजर बदलते. प्राणवायू कमी पडला की माणूस नकळत जास्त आणि खोल श्वास घेऊ लागतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. पहिल्या रात्री झोपेत श्वास अडखळतो, मधेच काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून उठतो, तो या ओढाताणीमुळे. मूत्रपिंडं हळूहळू बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्ताचा तोल सावरतात आणि मग लगाम सुटतो. या कामाला तास नव्हे, दिवस लागतात. मधल्या काळात शरीर जी तक्रार करतं ती लगेच करत नाही, आणि सगळी फसगत इथेच होते. उंचीचा आजार साधारणपणे पोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. फुफ्फुसात पाणी भरण्याचा प्रकार, ज्याला आपले लष्करी डॉक्टर ‘हापो’ म्हणतात, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, पुष्कळदा दुसऱ्या रात्री उद्भवतो. म्हणजे विमानतळावर उतरताना वाटणारं ‘मला तर काहीच होत नाहीये’ हे वाक्य खरं असलं तरी बिनकामाचं आहे. त्या क्षणी कुणालाच काही होत नसतं. जेवणानंतर शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढायच्या, संध्याकाळी बाजारात भटकायचं, दुसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड, असा घाईचा बेत आखणारा माणूस याच निरर्थक पुराव्यावर विसंबलेला असतो.

खारदुंगलाच्या पाटीवर अनेक वर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष मोजणीत ही खिंड सुमारे १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर भरते. पाटीजवळ फोटो काढणाऱ्यांना सुमारे आठशे फुटांचा हा फरक खुपला नाही, आणि शरीराच्या दृष्टीने तो फारसा महत्त्वाचाही नाही, कारण तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो. तरीही खिंड हा खरा कळीचा मुद्दा नव्हे. तिथे थांबणं होतं पंधरा-वीस मिनिटं, आणि पलीकडे नुब्राचं खोरं लेहपेक्षा खाली आहे. दिस्कित सुमारे ३,१०० मीटरवर. उंचीच्या आजारात मोजायची असते ती झोपण्याची उंची. डॉक्टरांच्या संघटनांचा सल्ला असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीत झोपण्याची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. आता आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय मार्ग घ्या : नुब्रातून श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँग, आणि रात्रीचा मुक्काम तळ्याकाठी. २००९ मध्ये आलेल्या ‘थ्री इडियट्स’ने हे तळं घराघरात पोचवलं आणि त्याच्या काठावर रात्र काढायची हौस तिथूनच वाढली. तळं ४,२०० मीटरच्या वर आहे. दिस्कितहून तिथे झोपायला जाणं म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरहून जास्त वाढवणं, सल्ल्याच्या दुपटीपेक्षाही जास्त. ज्या पर्यटन कंपन्या आता पहिला दिवस प्रामाणिकपणे मोकळा ठेवतात, आणि अशा बऱ्याच आहेत, त्याही चौथ्या दिवशी हीच उडी मारतात. शिवाय रात्री अकरा वाजता तंबूत कुणाला धाप लागली तर लेहला परतायच्या नेहमीच्या रस्त्यावर चांगला ही सुमारे ५,३६० मीटरची खिंड उभी असते. खाली न्यायला हवं अशा रुग्णाला आधी अकराशे मीटर वर न्यायचं, हा भूगोल जाहिरातीच्या पत्रकात कुठेच दिसत नाही. लेहला पोचल्यावर रुग्णाला नेतात ते रुग्णालय सोनम नोर्बूंच्या नावाचं आहे, ज्यांनी १९४८ ची ती धावपट्टी बांधली.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आकड्यांचा. दर वर्षी लाखो लोक जातात आणि धडधाकट परत येतात, मग एवढा बाऊ कशाला? आक्षेपात तथ्य आहे. बहुतेकांचं दुखणं डोकेदुखी आणि एका वाईट रात्रीपलीकडे जात नाही, आणि जीव जाण्याचे प्रसंग विरळा. पण हेच विमानालाही लागू आहे. उड्डाणाच्या क्षणी इंजिन बंद पडणं हे हापोपेक्षा कितीतरी विरळा, तरी त्या एका शक्यतेसाठी रोज प्रत्येक विमानाचं वजन मर्यादेत ठेवलं जातं. जे क्वचित घडतं पण घडलं तर माणूस हातचा जातो, त्यासाठी रोजची थोडी गैरसोय सोसायची, हे तत्त्व आपण धावपट्टीवर मान्य केलेलं आहे. विमानतळाच्या फाटकाबाहेर ते का बदलावं, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवं.

दुसरा आक्षेप सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींचा. आम्ही दर शनिवार-रविवार गड चढतो, आमची छाती तयार आहे. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, लेहच्या धावपट्टीच्या जवळजवळ निम्म्यावर. उंचीचा आजार सहसा सुरू होतो २,५०० मीटरच्या पुढे, त्यामुळे आपल्या राज्यात त्याची परीक्षा घेणारी जागाच नाही. दमसास म्हणजे उंचीची सवय नव्हे. १९७६ मध्ये हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे, ४,२४३ मीटरवर, २७८ पदभ्रमण करणाऱ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ५३ टक्क्यांना उंचीचा आजार झाला होता, तरुणांत तो जास्त होता आणि पूर्वी उंचीवर जाऊन आल्याचा काही उपयोग दिसला नाही. साठीच्या काकांपेक्षा तिशीतला पुतण्या जास्त धोक्यात सापडतो, ते बहुधा काका हळू चालतात म्हणून. याच तपासणीत लुक्लाला विमानाने उतरलेल्यांत आजाराचं प्रमाण पायी आलेल्यांपेक्षा जास्त भरलं.

लुक्लाचा दाखला इथे आणखी एका कारणाने घ्यायला हवा. मराठी गिर्यारोहकांच्या एव्हरेस्ट मोहिमा आणि बेस कॅम्पला जाणारे हौशी गट याच विमानतळावर उतरतात, आणि जगातला सर्वांत धोकादायक विमानतळ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ५२७ मीटरची धावपट्टी, तीही जवळजवळ बारा टक्के उताराची. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगराची भिंत. विमान चढणीवर उतरतं आणि उतारावरून उडतं, चूक झाली तर दुसरी संधी नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथे उतरताना झालेल्या अपघातात १८ जण गेले. उतरण्याच्या दृष्टीने लेह आणि लुक्ला यांची तुलनाच नको. पण उतरल्यानंतर पारडं फिरतं. लुक्ला २,८४५ मीटरवर आहे आणि तिथून पुढे मोटाररस्ता नाही. पुढे जायचं तर पायांनी, आणि पाय माणसाला फार घाई करू देत नाहीत. नामचेला, सुमारे ३,४४० मीटरवर, बहुतेक गट एक जादा दिवस थांबतात आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही, कारण तो दिवस वाया गेला असं कुणाला वाटतच नाही. लेहला धावपट्टी सुरक्षित आहे, बाहेर डांबरी रस्ता आहे आणि रस्त्यावर गाडी तयार उभी आहे. सोयच इथे वैरीण होते.

मग गोळ्या आहेत की, हा तिसरा आक्षेप. डायमॉक्स या नावाने ओळखलं जाणारं ॲसिटाझोलामाइड खरोखर उपयोगी आहे. मूत्रपिंडांना जे काम करायला दिवस लागतात तेच ते लवकर करायला भाग पाडतं. हॅकेटच्या तपासणीतही विमानाने आलेल्यांना त्याचा फायदा झालेला दिसला, म्हणजे लेहला उतरणाऱ्यांसाठी ते नेमकं लागू आहे. सल्फा औषधांचं वावडं असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये, बाकीच्यांनीही विचारूनच घ्यावं. पण औषध चढण सुसह्य करतं, चढण रद्द करत नाही. गोळी घेतली आहे म्हणून पँगाँगचा मुक्काम दोन दिवस अलीकडे आणला, तर औषधाने कमावलेलं कार्यक्रमाने गमावलं. प्राणवायूच्या छोट्या डब्यांचा भरवसा तर याहून पोकळ आहे. त्यांतला प्राणवायू काही मिनिटांत संपतो आणि शरीर होतं तिथेच राहतं. करोनाच्या साथीत घरोघरी आलेलं ऑक्सिमीटरही लोक बॅगेत टाकतात आणि ८८ आकडा दिसला की हबकतात, कारण तेव्हा ९४ च्या खाली धावपळ करायची सवय लागलेली. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९२ हे बहुतेकांच्या बाबतीत अपेक्षितच आहे. याउलट चालताना झोक जाणं, विश्रांती घेऊनही धाप न थांबणं, बोलण्यात गोंधळ होणं ही खरी धोक्याची चिन्हं. ती आकड्यात दिसत नाहीत. ती सोबतच्या माणसाला दिसतात, त्याला कुणी आधी सांगून ठेवलं असेल तर.

कुणी म्हणेल, मग विमानच टाळा, रस्त्याने जा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. श्रीनगर १,५८५ मीटरवर, कारगिल सुमारे २,७०० मीटरवर. तिथे एक रात्र काढून लेहला पोचणारा माणूस विमानाने आलेल्यापेक्षा नक्कीच जास्त तयार असतो. मनालीचा रस्ता मात्र उलट आहे. मनाली सुमारे २,००० मीटरवर आणि वाटेतला नेहमीचा मुक्काम सरचूला, जवळजवळ ४,३०० मीटरवर. एका दिवसात झोपण्याची उंची दुपटीहून वर जाते. त्यापेक्षा विमानाने लेहला उतरून दोन दिवस लोळत पडणं शरीराला कितीतरी मानवतं. दोष विमानाचा नाही, असं मी म्हणतो ते यासाठीच.

सर्वांत वजनदार आक्षेप रजेचा आहे. परळ-दादरच्या चाकरमान्याला साहेबाकडून सलग सहा दिवस सुटायलाच किती खटपट करावी लागते, त्यातले दोन दिवस हॉटेलच्या खोलीत छताकडे बघत काढायला सांगणं हे पोट भरलेल्या माणसाचं शहाणपण वाटेल. पण प्रश्न दिवसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या क्रमाचा आहे. सहाच दिवस घ्या. पहिले दोन लेहला, बाजार आणि राजवाड्याच्या पलीकडे न जाता. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने खाली अल्चीला. तिथल्या मठाच्या भिंतींवर कित्येक शतकांपूर्वीची चित्रं आहेत, आणि गाव लेहपेक्षा खालच्या उंचीवर असल्यामुळे शरीरालाही बरं वाटतं. चौथ्या दिवशी नुब्रा, पाचव्या दिवशी परत, सहाव्या सकाळी विमान. यात पँगाँग गळतं, आणि भांडण होणार ते त्यावरूनच. ते हवंच असेल तर आणखी दोन दिवसांची रजा काढावी, नाहीतर पुढच्या खेपेला ठेवावं. नकाशावरची सगळी नावं एका सहलीत पुसून काढायची मराठी पर्यटकाची हौस युरोपातही दिसते, पण तिथे तिने फार तर पाय दुखतात. स्थानिक व्यावसायिकांचं नुकसान होईल हा आक्षेपही टिकत नाही. लेहमधले मुक्काम वाढले तर लेहच्या हॉटेलांचा फायदाच आहे. घाईचा कार्यक्रम ही त्यांची मागणी नसून मुंबई-पुण्याच्या दरपत्रकांमधली स्पर्धा आहे. आणि लडाखी माणूस तिथेच जगतो, मग आपण का नाही, असं विचारणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिबेटी पठारावरच्या लोकांत या उंचीशी जुळवून घेणारे जनुकीय बदल पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत. आपल्या वाट्याला आली आहे ती सात बेटांची दमट हवा.

आता सूचनांबद्दल. लेहला उतरल्यावर विश्रांती घ्या असं प्रवाशांना सांगितलं जातं, प्रशासनही ४८ तासांचा सल्ला देतं. सल्ला ऐकणं ऐच्छिक असतं आणि सहलीचे पैसे आगाऊ भरलेले असतात, तेव्हा कुठलं पारडं जड होणार हे उघड आहे.  माहितीने भागत असतं तर विमानतळावरही वैमानिकाला नुसती माहिती देऊन सोडलं असतं, वजनाची मर्यादा घातली नसती. नुब्रा आणि पँगाँगकडे जाणाऱ्या भारतीय पर्यटकांना २०२१ पर्यंत इनर लाइन परमिट काढावं लागे. सुरक्षेच्या कारणासाठी असलेला तो कागद त्या वर्षी रद्द झाला, आणि तो गेल्याचं दुःख करायचं कारण नाही. पण खिंडीखालच्या नाक्यावर गाडी थांबवून एक कागद पाहण्याची रीत तिथे जुनी आहे. तसाच एक कागद, ज्यावर फक्त लेहला उतरल्याची तारीख असेल, नाक्यावर पाहिला जावा. ४८ तास उलटलेले नसतील तर गाडी मागे वळवली जावी. विमानाने आलेल्यांसाठी बोर्डिंग पासच हा कागद होऊ शकतो. कारगिलमार्गे आलेल्यांना तिथल्या मुक्कामाची पावती दाखवून सूट देता येईल. मनालीहून आलेल्यांचं काय करायचं, हा जरा किचकट प्रश्न आहे. ते लेहला पोचेपर्यंत सगळ्यात वाईट रात्र काढून चुकलेले असतात, आणि त्यांच्यासाठी नाका हवा तो लेहला नव्हे, खाली केलाँगजवळ, लडाखच्या हद्दीबाहेर, हिमाचल सरकारच्या ताब्यात.